फेर्मीनच्या टेबलावर शिडी नव्हती

१

एकतीस ऑक्टोबरला आमच्या गावात मेलेल्यांसाठी पाव भाजतात. गाव खाणीचं, ओरुरो शहराच्या वरच्या अंगाला, नुसता डोंगर आणि वारा. त्यामुळे पहाटेपासून प्रिमितिवाबाईच्या भट्टीपुढे रांगेत उभं राहायला सगळ्यांनाच आवडतं. पीठ ज्याचं त्याचं, मेलेलं माणूसही ज्याचं त्याचं. एक तारखेला दुपारी बाराच्या घंटेला मेलेले घरी येतात आणि दोन तारखेला बाराच्या घंटेला परत जातात. मधल्या वेळात टेबल मांडून त्यांना खाऊ घालायचं. असं ओळीनं तीन वर्षं केलं की ते सुटतात आणि आपणही.

मी हे मानत नाही. खाणीच्या दवाखान्यात तीस वर्षं पट्ट्या बांधल्या, कितीतरी जणांचे डोळे मिटवले, त्यातला एकही परत आलेला पाहिला नाही. पण माझा धाकटा भाऊ फेर्मीन जाऊन पाच महिने झाले होते. टेबल मांडलं नसतं तर गल्लीनं मला सुखानं जगू दिलं नसतं.

मदतीला माझी भाची लिदिया आली होती. ती ओरुरोला शाळेत शिकवते. पिठाचा गोळा हातात घेऊन ती थांबली.

"मावशी, मामाचे पाय कसे करू?"

आमच्याकडे मेलेल्या माणसाची पावाची बाहुली करतात, हातापायांसकट. फेर्मीनचे पाय चौथ्या वर्षी तापात गेले होते. कमरेखाली दोन काटक्या, बस्स.

"म्हणजे, होते तसे करू की नीट करू? आता तिकडे नीटच असतील ना?"

"होते तसे कर," मी म्हणाले. "मला नवा भाऊ नकोय."

प्रिमितिवाबाई फळी पुढे सरकवत म्हणाली, "कासिल्दा, शिडी किती पायऱ्यांची गं?"

पावाची शिडी प्रत्येक टेबलावर असते. तिच्यावरून मेलेला खाली उतरतो आणि तिच्यावरूनच वर जातो.

"शिडी नको. तो जन्मात कधी शिडी चढला नाही. मी गाडी केलीय, ही बघ, चार चाकांची."

"गाडी खाली येईल गं. वर कशी जाईल?"

"तुझा नवरा शिडी असून घरंगळतच येत असेल. तो कधी शुद्धीत होता?"

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. प्रिमितिवाबाई हसली नाही. तिनं हात पुसले आणि आवाज खाली आणला. "पीठ उरलंय माझ्याकडे. मी वळते शिडी. तू नुसती घेऊन जा."

"नको म्हटलं ना," मी जरा जोरातच बोलले. लिदियानं माझ्याकडे पाहिलं. मग मी तिला चाकं नीट गोल कर म्हणून उगीच रागावले.

२

आमचं घर रस्त्याच्या खाली आहे. रस्त्यावरून तेरा पायऱ्या उतरल्या की अंगण, अंगणात एकच खोली, जमीन सिमेंटची. हिवाळ्यात ऊन रस्त्यावर येतं, पायऱ्यांच्या वरच्या टोकाला येतं, खाली मात्र येत नाही. जून-जुलै हा आमचा हिवाळा, तेव्हा अंगणातलं पाणी दुपारपर्यंत गोठलेलं असतं.

फेर्मीन हातांवर चालायचा. टायर कापून केलेल्या चपला तो तळहातांत घालायचा आणि ढुंगणावर घसरत पुढे जायचा. सिमेंटवर त्या चपलांचा आवाज मी पन्नास वर्षं ऐकला. खिडकीपाशी बसून तो रेडिओ दुरुस्त करायचा, गिऱ्हाइकांना टोमणे मारायचा, आणि त्याच्या हाताला लागेल अशा उंचीवर घरातली प्रत्येक वस्तू होती. ताटं, काडेपेटी, दाराची कडीसुद्धा. आई गेल्यावर त्याचं सगळं माझ्याकडे आलं. भावासाठी मी लग्न केलं नाही असं लोक म्हणायचे. खरं सांगायचं तर मला कोणी विचारलंच नाही.

जूनमध्ये तो गेला. बिछान्यात, झोपेत. मी सगळ्यांना हेच सांगितलं. आठव्या दिवशी रिवाजाप्रमाणे त्याचे कपडे नदीवर धुऊन जाळले. टायरच्या चपला आठवण म्हणून ठेवूया का, असं लिदिया विचारत होती. मी तिच्या हातातून घेऊन त्या विस्तवात टाकल्या. काळा धूर बराच वेळ निघत राहिला.

एक तारखेला अकरा वाजेपर्यंत टेबल तयार झालं. काळं कापड, त्याच्या मधोमध पांढऱ्या दोऱ्यानं भरलेला क्रूस. मागे फोटो. पावाची बाहुली, पावाची गाडी, दोन्ही बाजूंना उसाचे उभे दांडे, पाण्याचा ग्लास, शेंगदाण्याचं सूप, चघळायला कोकाची पानं. चर्चची घंटा झाली तेव्हा आम्ही दोघी उभ्या राहिलो. कुठूनशी एक माशी आली आणि बाहुलीच्या तोंडावर बसली.

"आला मामा!" लिदिया कुजबुजली. तिचे डोळे भरले होते.

"माशी आहे ती. पाव असेल तिथं माशी येणारच," मी म्हणाले. पण हाकलली नाही.

३

मी सूप गरम करून आणलं तेव्हा कापड सरकलेलं होतं. क्रूसाचं खालचं टोक टेबलाच्या कडेला बरोबर लावलं होतं, मी स्वतः लावलं होतं. आता ते वीतभर खाली लोंबत होतं. साटीनचं कापड, गुळगुळीत टेबल, घसरायचंच. मी ते वर ओढून नीट केलं.

कोकाची पानं बदलायला गेले तेव्हा ते पुन्हा खाली आलं होतं, तेवढंच. आता फोटो आणि ग्लासही पुढे आले होते. मी लिदियाला विचारलं, तू हात लावलास का? ती चुलीपाशी कांदे चिरत होती, तिनं नाही म्हणून नुसती मान हलवली. खिडकीच्या फळीवर फेर्मीननं जमवलेले खनिजाचे दगड होते, चांगले जड. त्यातले दोन मी कापडाच्या मागच्या कोपऱ्यांवर ठेवले.

तिसऱ्या वेळी दगडही सरकले होते. मी वाकून बघितलं. कापड सगळीकडून सारखं ओघळलं नव्हतं. समोरच्या बाजूला दोन जागी चुरगळलं होतं, मुठीत धरल्यासारखं. दोन्हींमधलं अंतर माणसाच्या खांद्यांएवढं होतं. आणि ते माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होतं.

भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज. पन्नास वर्षं या घरात सगळं त्याच्या हाताला लागेल असं ठेवलं आणि त्याच्या जेवणाला मी उभ्या माणसाचं टेबल मांडलं होतं. त्याला दिसतही नसेल वर काय आहे ते. मग मी स्वतःलाच म्हटलं, कासिल्दा, तू दवाखान्यात काम केलेली बाई आहेस. कापड घसरतं. कापडाला कोणी धरत नाही.

तरी मी एक ताट वाढून टेबलाच्या पायाशी ठेवलं. लिदियानं ते पाहिलं. त्यानंतर कापड हललं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

४

चारच्या सुमाराला ताता अनिसेतो आले. घरोघरी जाऊन मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणतात आणि बदल्यात पाव घेतात. सत्तरीच्या पुढचे, खांद्यावर भली मोठी पिशवी. ती भरल्याशिवाय ते घरी जात नाहीत अशी त्यांची ख्याती.

"बोल कासिल्दा, तुझा रेडिओवाला कुठं गेला? प्रार्थनेत जागा सांगावी लागते. खाणीत, रस्त्यावर, पाण्यात..."

"बिछान्यात," मी म्हणाले.

"झोपेत गेला मामा," लिदिया म्हणाली. "मावशी जवळच होती."

ताता टोपी काढून उभे राहिले आणि डोळे मिटून म्हणू लागले. "देवा, तुझा सेवक फेर्मीन, जो आपल्या बिछान्यात, आपल्या माणसांच्या जवळ..."

पट्.

आवाज दाराबाहेरून आला. दगडावर ओला हात आपटावा तसा. मग काहीतरी जड घसरलं. मग पुन्हा पट्.

"शेजारी कणीक मळतायत," लिदिया पटकन म्हणाली.

चपलांचा आवाज असता तर मी मनाचा खेळ म्हणून सोडून दिला असता, इतका तो माझ्या कानात बसलेला आहे. हा चपलांचा नव्हता. उघड्या तळव्यांचा होता. त्याच्या चपला मी जाळल्या होत्या.

तातांनी प्रार्थना अर्ध्यावर सोडली. डोळे उघडून त्यांनी टेबल नीट पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"शिडी कुठाय?"

"गाडी आहे ना," मी म्हणाले. "त्याला शिडीचा काय उपयोग, ताता? पाय नव्हते त्याला."

"कासिल्दा, मला तुझ्या भावाचे पाय माहीत आहेत. माझा रेडिओ त्यानंच तीनदा बिघडवलाय. मी विचारतोय शिडी का नाही. लंगडे, आंधळे, दोन्ही हात खाणीत गेलेले, सगळ्यांना शिडी करतात. तुला कुणी सांगितलं करू नको म्हणून?"

"कुणी नाही."

"मग?"

बाहेर आवाज थांबला होता. लिदियानं त्यांच्यापुढे सात पाव धरले, फोटोजवळचे, चांगले फुगलेले. तातांनी ते घेतले नाहीत. पिशवीचं तोंड आवळून बांधलं, टोपी घातली आणि निघाले. पायऱ्या चढताना ते भिंतीला अगदी चिकटून चढले, एक बाजू कुणासाठी तरी मोकळी ठेवून.

५

आमच्याकडे ती रात्र जागवतात. लिदिया दहाच्या आत खुर्चीत झोपली. मी बसून मोजत राहिले.

पट्, मग घसरणं. ही पहिली पायरी. पट्, मग घसरणं. दुसरी. सातव्या पायरीपर्यंत यायचं आणि थांबायचं. बराच वेळ काहीच नाही. मग खालून पुन्हा पहिली. आठवी एकदाही आली नाही.

शिडी मी का केली नाही ते आता सांगते. फेर्मीन बिछान्यात गेला नाही.

जूनमधली सकाळ होती. चार दिवस त्यानं ऊन पाहिलं नव्हतं. "ताई, वर ने ना मला. अर्धा तास बसतो, मग आण खाली," म्हणाला. लहानपणापासून मीच त्याला पाठीवर घेऊन त्या पायऱ्या चढायची, आईचं रंगीत लोकरी कापड आडवं बांधून. पण मी एकसष्ट वर्षांची होते, कंबर धरली होती, रात्रभर त्याच्या खोकल्यानं झोप नव्हती. म्हटलं, उद्या. तो म्हणाला, तुझा उद्या मला माहीत आहे. मी म्हटलं, मग जा ना तू आपला. आणि भिंतीकडे तोंड करून पांघरूण घेतलं.

तो गेला. चपलांचा आवाज मी ऐकला, दार उघडलेलं ऐकलं, पहिली पायरी ऐकली. मी उठले असते तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मनात आलं, चढू दे, म्हणजे कळेल याला. दवाखान्यात मी अनोळखी माणसांसाठी रात्री-अपरात्री धावले आणि सख्ख्या भावाच्या बाबतीत मला असं वाटलं. मग मला झोप लागली.

जाग आली तेव्हा अकरा वाजले होते. तो सातव्या पायरीवर होता, कपाळ आठवीवर टेकलेलं. सावलीत दहिवर अजून होतं, त्याच्या केसांवरही होतं. ऊन पाच पायऱ्या वर होतं. मी त्याला पाठीवर घेतलं आणि खाली आणलं, बिछान्यात ठेवलं, हात पुसले, चपला काढल्या. मग ओरडून शेजाऱ्यांना बोलावलं.

६

सकाळी लिदिया पाणी टाकायला बाहेर गेली आणि बादली घेऊन तशीच परत आली.

"मावशी, पायरीवर ओले हात उमटलेत."

"कितव्या?"

तिनं मोजलं नव्हतं. मीच बाहेर गेले. सातव्या पायरीवर दोन तळवे, बोटं फाकलेली, आणि वर आठवीवर एक ओला डाग. ऊन आता खालपर्यंत येत होतं, नोव्हेंबर होता. आजूबाजूचा दगड कोरडा ठणठणीत होता. ते ठसे मात्र वाळत नव्हते.

मी प्रिमितिवाबाईकडे गेले. तिनं दार उघडलं, काही न विचारता आत गेली आणि कापडात गुंडाळलेली पावाची शिडी आणून माझ्या हातात दिली. तिनं ती परवाच भाजून ठेवली होती. "बारा व्हायच्या आत लाव," एवढंच म्हणाली.

शिडी मी फोटोला टेकवून उभी केली. साडेअकरा झाले होते. गल्लीतले लोक आपापली टेबलं उतरवून, टोपल्या भरून कब्रस्तानाकडे निघाले होते, कुणाच्या तरी मागे बँड वाजत होता. बाहेर पट् झालं. पहिली. मी मनात म्हटलं, चढ रे बाबा, आता शिडी आहे. दुसरी, तिसरी. लिदियानं दोन्ही कानांवर हात ठेवले होते. सातवी झाली. मग काहीच नाही. मग खालून पुन्हा पहिली.

शिडी त्याला काय कामाची होती! मी भट्टीवर थट्टेत बोलले तेच खरं होतं, तो जन्मात कधी शिडी चढला नव्हता. त्याला नेहमी कुणीतरी न्यावं लागलं होतं.

मी पेटी उघडून आईचं कापड काढलं.

"मावशी, काय करतेस?"

"लिदिया, तुझा मामा पायरीवर गेला. बिछान्यात नाही."

"तूच म्हणालीस की झोपेत गेला."

"झोपेत मी होते," मी म्हणाले. "त्यानं मला ने म्हटलं होतं. मी नाही उठले."

ती भिंतीपर्यंत मागे सरकली. लहानपणी ती फेर्मीनच्या मांडीवर बसून रेडिओचे स्क्रू मोजायची. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फोटोपुढे उभं राहून सहन केलं, आणि खरं तर थोडं बरंही वाटलं.

सहाव्या पायरीवर उभी राहून मी सातवीकडे पाठ केली आणि वाकले. कापड पाठीवरून घेतलं, टोकं पुढे धरली. "ये," म्हणाले.

थोडा वेळ काही झालं नाही. उन्हात एक म्हातारी बाई रिकामं कापड घेऊन ओणवी उभी आहे एवढंच. मी उठणारच होते.

मग वजन आलं. त्याचं होतं तेवढंच. ते मी अंधारात शंभर माणसांतून ओळखलं असतं. डाव्या बाजूला जास्त, कारण त्याचा डावा पाय थोडा जड होता. पाठीला गारवा लागला, दहिवराचा. मी वळून पाहिलं नाही. फक्त माझ्या खांद्याच्या कडेला चार बोटांची टोकं दिसली, नखांत सिमेंट भरलेलं, आणि मी लगेच समोर बघायला लागले.

गाठ मारली. वर तोंड करून सातवी, आठवी पायरी चढले. नववी. भीतीनं माझे दात वाजत होते आणि मी रडत होते, दोन्ही खरं आहे.

कब्रस्तानापर्यंत चढ आहे. लिदिया टोपली घेऊन मागून चालत होती, दहा पावलं अंतर ठेवून. लोक "कासिल्दा, टोपली तिच्याकडे आणि तुझ्या पाठीवर काय गं?" असं विचारत होते. मी पुढे गेले. फेर्मीनच्या क्रूसापाशी पोचले तेव्हा बाराची घंटा सुरू झाली. मी क्रूसाकडे पाठ करून खाली बसले, त्याला उतरायला सोपं जावं म्हणून मागे रेलले आणि गाठ सोडली.

"उतर," मी म्हणाले. "आलो आपण."

कापड जमिनीवर पडलं. वजन तसंच राहिलं.

घंटा संपली. शेजारच्या थडग्यांवर लोक आपल्या माणसांना निरोप देत होते, पाव वाटत होते, कुणी गात होतं. मी थोडी हलले, खांदे उडवले. "फेर्मीन, आलो रे. हीच तुझी जागा."

दोन तळहात माझ्या गळ्यापुढे आले आणि एकावर एक घट्ट बसले. गळा आवळण्याइतके नाही. चढ बाकी असला की तो असंच धरायचा, पोचलो की सोडायचा.

"मावशी, ऊठ ना," लिदिया म्हणाली. ती आता जवळ आली होती. "बारा वाजून गेले. चल घरी."

"तू जा. टेबल आवर."

"आणि तू?"

"मला वेळ लागेल."

आमच्या कब्रस्तानाला वरच्या बाजूला भिंत नाही. तिथून पाऊलवाट खाणीच्या जुन्या तोंडावरून डोंगरात जाते, आणि तिच्या शेवटी काय आहे ते पाहायला मी कधी गेले नव्हते. मला खूप भीती वाटत होती. पण नाही म्हणायची माझी वेळ जूनमध्येच होऊन गेली होती. मी गुडघ्यांवर हात दाबून उठले, त्याला जरा वर सरकवलं आणि चढायला लागले.